दुसऱ्या जेकची कार्डं

आमच्या गुप्तहेर मालिकेच्या दुसऱ्या सीझनचं लेखन सुरू होण्याआधी मी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. फसलेला म्हणून नावाजलेला एखादा दुसरा भाग निवडायचा आणि त्याचा वन-लाइनर (सीनवार आराखडा) उलट्या बाजूने काढायचा. म्हणजे चित्रपट बघत जायचं, दर सीनला थांबायचं आणि एक कार्ड लिहायचं: जागा कोणती, माणसं कोण, घडलं काय, आणि सीन संपला तेव्हा गोष्ट कुठे येऊन उभी राहिली. उत्तम चित्रपटांची अशी चिरफाड पटकथेच्या प्रत्येक कार्यशाळेत होते. फसलेल्या चित्रपटाच्या वाट्याला ती येत नाही. तो ‘जमला नाही’ एवढं म्हणून सगळे पुढे जातात, आणि नेमकं काय जमलं नाही ते शिकायचं राहून जातं.

मी निवडला ‘द टू जेक्स’. १९९० सालचा. ‘चायनाटाऊन’चा दुसरा भाग.

निवडीला कारण होतं. वाईट लेखकाने वाईट लिहिलं, वाईट नटांनी वाईट केलं, असा चित्रपट घेऊन हाताला काही लागत नाही. इथे तसं नव्हतं. पटकथा पुन्हा रॉबर्ट टाउनचीच, ज्याला पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळालं होतं. ‘चायनाटाऊन’ला एकूण ११ नामांकनं होती आणि पुरस्कार मिळाला तो एकट्या पटकथेला, आजही पटकथा शिकवणारे पहिला दाखला त्याचाच देतात. नायक, खासगी गुप्तहेर जेक गिटिस, झाला तो पुन्हा जॅक निकल्सन, आणि या वेळी दिग्दर्शनही त्याचंच. समोर हार्वी कायटेल. कॅमेऱ्यामागे व्हिल्मोस झिगमंड. निर्मात्यांत पुन्हा रॉबर्ट इव्हान्स. इतकी तयारीची माणसं एकत्र आली आणि तरीही प्रेक्षक आला नाही. अमेरिकेत चित्रपटाची कमाई एक कोटी डॉलरच्या आसपास थांबली. टाउनच्या मनात तीन भागांची मालिका होती. तिसरा कधी झालाच नाही.

आधी पहिल्या भागाची कार्डं काढणं भाग होतं, नाहीतर तुलना कशाशी करणार? ‘चायनाटाऊन’ मी अनेकदा बघितलेला आहे, पण कार्ड लिहायला बसल्यावर तो वेगळाच दिसू लागला. १९३७चं लॉस एंजेलिस, दुष्काळाचे दिवस. नवऱ्याचं लफडं शोधून द्या म्हणून एक बाई गिटिसकडे येते. नवरा म्हणजे शहराच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता, हॉलिस मलरे. गिटिस त्याच्या पाळतीवर राहतो, फोटो काढतो, ते पेपरात छापून येतात, आणि मग खरी मिसेस मलरे, इव्हलिन, दारात उभी राहते. पहिली बाई तोतया होती. पुढे अभियंता मेलेला सापडतो. कोरड्या पडलेल्या शहरात बुडून मेलेला, आणि फुप्फुसात खारं पाणी.

कार्ड लिहिताना जाणवलं ते असं की गिटिस प्रत्येक सीनमध्ये आहे. एकही कार्ड त्याच्याशिवाय नाही. त्याला जे कळतं तेच आपल्याला कळतं, त्याच वेळी कळतं. संत्र्याच्या बागेत शेतकरी त्याला बडवून बेशुद्ध पाडतात तेव्हा पडदाही काळा होतो. व्हॉइस-ओव्हर औषधालाही नाही. आणि जे कळतं ते हातांनी केलेल्या कामातून कळतं. यातलं एक कार्ड तर मी टेबलासमोरच्या भिंतीवरच लावलं आहे. मलरे रात्री समुद्राकाठी थांबलेला असतो. गिटिसला रात्रभर तिथे बसायचं नाही. तो आपल्या गाडीच्या खणातून स्वस्तातलं एक घड्याळ काढतो, मलरेच्या गाडीच्या चाकाखाली ठेवतो आणि निघून जातो. खणात तसली घड्याळं आणखीही पडलेली दिसतात. गाडी निघेल तेव्हा घड्याळ चिरडेल आणि काटे त्या वेळेवर थांबतील. यात संवादाची गरजच नाही. माणूस कोण आहे, किती वर्षं या धंद्यात आहे, किती प्रकरणांमध्ये त्याने हे याआधी केलं असेल, सगळं त्या खणातल्या घड्याळांमध्ये आहे. असंच दुसरं कार्ड नोंदणी कार्यालयाचं. जमिनीच्या नोंदवहीतलं पान हवं असतं. तो तिथल्या आखडू कारकुनाकडे पट्टी मागतो, ओळीवर पट्टी धरतो, मोठ्याने खोकतो आणि खोकल्याच्या आवाजात कागद फाडून घेतो.

अशा कार्डांना मी पिवळी खूण केली. पिवळं म्हणजे शोध: नायकाने काहीतरी केलं आणि त्यामुळे आपल्याला नवीन कळलं. निळी खूण आठवणीला: सीनचा भार आधी घडून गेलेल्या गोष्टीवर आहे. काही कार्डांना दोन्ही खुणा पडल्या. ‘चायनाटाऊन’ मांडून झाला तेव्हा टेबलावर पिवळ्याचा महापूर होता आणि निळं अगदी तुरळक. शेवटाकडे मात्र एक कार्ड असं की त्यावर दोन्ही खुणा ठळक. इव्हलिन मलरे कबुली देते ते. ज्या मुलीला ती लपवत होती ती, कॅथरीन, तिची बहीण आहे आणि मुलगीही. बाप एकच, नोआ क्रॉस. बाईचा भूतकाळ आणि गिटिसचा तपास इथे एकाच जागी येऊन मिळतात. शहराचं पाणी चोरणारा माणूस आणि पोटच्या मुलीवर हात टाकणारा माणूस एकच निघतो. दोन रहस्यं होती असं वाटत होतं, ती एक होती. या चित्रपटाची ताकद माझ्या मते या एका गाठीत आहे.

पाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण दुसऱ्या भागातलं रहस्य तेलाचं आहे आणि त्याची तुलना या पाण्याशी होते. चित्रपटातली कथा रचलेली आहे, पण तिच्या मुळाशी खरा इतिहास आहे. लॉस एंजेलिसने ओवेन्स खोऱ्याचं पाणी २३३ मैलांच्या कालव्याने शहराकडे आणलं. काम १९१३ साली पुरं झालं, अभियंता विल्यम मलहॉलंड. पाणी येणार हे आधी ठाऊक असलेल्या बड्या मंडळींनी सॅन फर्नांडो खोऱ्यातली जमीन आधीच घेऊन ठेवली होती. ओवेन्स तळं आटलं, तिथल्या शेतकऱ्यांनी १९२४ साली कालव्याला सुरुंग लावला. १९२८च्या मार्चमध्ये मलहॉलंडचं सेंट फ्रान्सिस धरण फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. टाउनने हे सगळं १९३७ मध्ये आणून बसवलं. पाणी कुठून जाणार हे आधी कळलेला माणूस जमीन आधी घेतो, हे मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि ते पाणी पडद्यावर सतत दिसतं. नदीचं कोरडं पात्र, रात्री नाल्यातून समुद्रात सोडलेला लोंढा, मलरेच्या अंगणातलं खाऱ्या पाण्याचं तळं, त्याच्या तळाशी चकाकणारा चष्मा. एक शेतकरी भर सुनावणीत मेंढरं घेऊन घुसतो: तुम्ही पाणी चोरलंत, आता ही मेंढरं तुम्हीच जगवा. नुकसान कोणाचं आहे ते त्या एका सीनमध्ये डोळ्यांना दिसतं.

आता दुसरा भाग.

१९४८. युद्ध संपलं आहे, सैनिक परतले आहेत, सॅन फर्नांडो खोऱ्यात संत्र्याच्या बागा तोडून घरांच्या रांगा उभ्या राहत आहेत. गिटिस आता पैसेवाला आहे. स्वतःच्या मालकीची इमारत, गोल्फ क्लबाचं सदस्यत्व, लग्न ठरलेलं. त्याच्याकडे जेक बर्मन नावाचा बिल्डर येतो. हाच दुसरा जेक, कायटेल. बायकोला रंगेहाथ पकडायचं आहे. त्या वेळी त्याने काय बोलायचं, कसं बोलायचं, याची गिटिस त्याच्याकडून तालीम करून घेतो. मोटेलच्या शेजारच्या खोलीत वायर-रेकॉर्डर लावून माणसं बसतात. बर्मन आत घुसतो आणि बायकोबरोबर असलेल्या माणसाला गोळ्या घालतो. मेलेला माणूस निघतो बर्मनचा धंद्यातला भागीदार, मार्क बोडीन. रागाच्या भरात झालेला खून की भागीदारीतला काटा काढला? त्या रेकॉर्डिंगवर काय आहे? सगळ्यांना ती वायर हवी आहे.

ही सुरुवात उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. दुःखाची तालीम करून घेणारा गुप्तहेर ही कल्पना पहिल्या भागातल्या कुठल्याही कल्पनेच्या तोडीची आहे. वायर-रेकॉर्डरही तसाच. टेप सर्रास वापरात येण्याआधी पोलादाच्या केसासारख्या बारीक तारेवर आवाज नोंदवत असत, आणि अशी रिळं चाळीसच्या दशकात अमेरिकेत सर्रास मिळायची. त्या तारेचं गुंतणं, तुटणं, गाठ मारून जोडणं यात तपासाचं केवढं तरी द्रव्य आहे. चाकाखालच्या घड्याळाचा हा वारस होऊ शकला असता.

या सुरुवातीच्या कार्डांवर माझी पिवळी खूण भराभर पडत गेली. मग गिटिस रेकॉर्डिंग पुन्हा ऐकतो आणि त्यात एक नाव येतं: कॅथरीन मलरे. इथून टेबलाचा रंग बदलतो.

गिटिस या नावाने हादरतो. आपणही हादरतो, कारण पहिल्या भागाचा शेवट आपण विसरलेलो नाही. चायनाटाऊनच्या रस्त्यावर इव्हलिन डोळ्यातून आरपार गोळी लागून मरते आणि किंचाळणाऱ्या कॅथरीनला नोआ क्रॉस मिठीत घेऊन, तिचे डोळे झाकून घेऊन जातो. टाउनला हा शेवट असा नको होता. इव्हलिनने बापाला मारावं असं त्याने लिहिलं होतं. शोकान्त केला तो दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने. त्या शेवटाने एक प्रश्न आपल्या छातीवर ठेवून दिला. त्या पोरीचं पुढे काय झालं?

म्हणजे ‘द टू जेक्स’मध्ये कॅथरीनचं नाव आलं की प्रेक्षकाच्या मनात तपास सुरू होतो तो १९३७ ते १९४८ या अकरा वर्षांचा. ती त्या राक्षसाच्या हातात पडली होती. तिथून सुटली कशी? कोणी सोडवलं? तिला किती ठाऊक आहे? गिटिस मात्र तपास करत राहतो तो तेलाचा. बर्मनच्या घरांखाली तेल आहे, तिरक्या भोकाने ते कोण उपसतंय, जमिनीखालच्या खनिजांचे हक्क कोणाच्या नावावर आहेत. अकरा वर्षांबद्दल चित्रपट जवळजवळ गप्प बसतो. मलरेंचा जुना नोकर भेटतो, काही वाक्यं होतात, इव्हलिनच्या पत्राच्या निमित्ताने पहिल्या भागात इव्हलिन झालेल्या फे डनवेचा आवाज ऐकू येतो, आणि आपण पुन्हा तेलाकडे वळतो.

हे माझ्या कार्डांवर लख्ख दिसलं. पिवळी कार्डं एका बाजूला, निळी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही खुणा असलेलं कार्ड शोधूनही मिळेना. तेलाच्या सीनमध्ये गिटिस काहीतरी शोधतो, पण त्याच्या जिवाला ते लागत नाही. कॅथरीनच्या सीनमध्ये त्याच्या जिवाला लागतं, पण तो काही शोधत नाही, आठवत बसतो. खनिजांचे हक्क कॅथरीनकडे आहेत असं कळतं तेव्हा दोन ट्रॅक जोडले जातात खरे, पण ती जोडणी कागदोपत्री आहे. पाणीचोर आणि बाप एकच निघाल्यावर पोटात गोळा येतो. खनिजहक्कांची मालकीण आणि हरवलेली पोर एकच निघाल्यावर मी मान डोलावली आणि कार्ड लिहिलं, एवढंच.

मग मी कार्डं उपटून बघायला सुरुवात केली. ही आमच्याकडे नेहमीची पद्धत आहे: एखादा सीन बाजूला ठेवायचा आणि पुढचा त्याच्याशिवाय उभा राहतो का बघायचं. पहिल्या भागात जवळपास कुठलंही कार्ड काढलं की पुढची गोष्ट कोसळते. घड्याळ काढलं तर मलरे रात्रभर समुद्राकाठी का थांबला हा प्रश्न पडत नाही, तो पडला नाही तर रात्री सोडलेलं पाणी दिसत नाही, तिथे गिटिसचं नाक कापलं जात नाही, आणि नाक कापलं नसतं तर त्याने हे प्रकरण सोडून दिलं असतं, इतका तो व्यवहारी माणूस आहे. दुसऱ्या भागात मी बोडीनच्या विधवेचे (भूमिका मॅडलिन स्टोची) सीन जवळजवळ सगळे काढून पाहिले. गोष्ट हलली नाही. ती बाई गिटिसच्या अंगावर येते तेव्हा चित्रपट अचानक प्रहसनाकडे झुकतो आणि तिथून परत गंभीर व्हायला त्याला वेळ लागतो. भूकंपाचे हादरे काढले तरी फारसं बिघडत नाही. हादरे म्हणजे भूतकाळ जमिनीखालून वर येतोय, हे कळतं, पण ते कळतं फक्त.

आणि व्हॉइस-ओव्हर. गिटिस आपल्याशी बोलत राहतो. भूतकाळाबद्दल, शहराबद्दल, म्हातारपणाबद्दल. बोलणं सुंदर आहे. वाचायला दिलं असतं तर मी दोन-चार ओळी उतरवून घेतल्या असत्या. पण ज्या माणसाच्या खणात घड्याळं असतात त्याला निवेदन लागत नाही. मी एक भाग पुन्हा बघितला तो निवेदन सुरू झालं की आवाज बंद करून. निकल्सनचा चेहरा, झिगमंडचा तो मधाच्या रंगाचा उजेड, व्हेनिशियन पडद्यांच्या पट्ट्या, खोऱ्यातली धूळ. या सगळ्यातून बरंच काही पोचत होतं. जे पोचत नव्हतं ते निवेदन ऐकूनही पोचलं नव्हतं: कोण कोणाला फसवतंय आणि का. म्हणजे निवेदन जिथे हवं तिथे नाही, आणि जिथे नको तिथे आहे.

इथपर्यंत मी एकटीच होते. पुढची परीक्षा माझ्या सहलेखकावर घेतली. त्याने ‘चायनाटाऊन’ कधीच बघितलेला नाही (हे ऐकून आमच्या संकलक ताई त्याच्यावर चांगल्याच संतापल्या). मी त्याला थेट दुसरा भाग दाखवला, काही न सांगता. त्याला बर्मन आवडला. मोटेलचा सीन आवडला. तेलाची भानगड अर्धीमुर्धी कळली. मग बर्मनची बायको किटी, केस रंगवलेली मेग टिली, हीच कॅथरीन आहे असं उघड होतं. मी पडदा सोडून त्याच्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

“हीच ती, म्हणजे कोण ती?” त्याने विचारलं.

“तुला काय वाटतं?”

“याची जुनी ओळखीची असावी. पण हा एवढा रडवेला का झालाय?”

संकलक ताईंनी मात्र दोन्ही भाग बघितलेले. त्या शेवटच्या भेटीला डोळे पुसत होत्या. त्या सीनमध्ये कॅथरीन गिटिसला विचारते की हे दुखणं कधी जातं का, आणि तो तिला खोटा दिलासा देत नाही. मलाही तो सीन नेहमी हलवतो. एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर, एक माणूस कोरडा आणि एक भिजलेला. ताईंचं रडणं खरं होतं, पण ते १९७४च्या चित्रपटाने कमावलेलं होतं. दुसऱ्या भागाने ते खात्यातून काढून खर्च केलं, स्वतः भर घातली नाही.

ताईंनी माझ्याशी वाद घातला, आणि त्यांचं म्हणणं इथे द्यायलाच हवं. त्यांच्या मते हा चित्रपट गुप्तहेरकथा म्हणून बघणंच चूक. पहिल्या भागाच्या शेवटी गिटिसला त्याचा सहकारी सांगतो की विसरून जा. दुसरा भाग म्हणजे तो विसरू शकला नाही याची कथा. श्राद्धाच्या दिवशी तपास कोण करतं? मला हे पटतं, निम्मं. शोक हा विषय म्हणून मोठाच आहे. पण मग तेलाच्या विहिरी, विधवा, पोलिसांची जुनी खुन्नस, वकील, गुंड, सुनावणी हे सगळं कशाला? शोकाची कथा सांगायची हिंमत करायला हवी होती किंवा तपासाची कथा नीट सांगायला हवी होती. चित्रपट दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे.

त्यामागची कारणं पडद्यामागेही आहेत, आणि त्यांच्याकडे मी लेखक म्हणून हळहळत बघते. हा चित्रपट १९८५ मध्येच व्हायचा होता. टाउन दिग्दर्शन करणार, निकल्सन गिटिस आणि दुसरा जेक स्वतः निर्माता रॉबर्ट इव्हान्स, जो एके काळी नट होता. चित्रीकरण सुरू होण्याच्या तोंडावर टाउनला वाटलं की इव्हान्सला हे झेपणार नाही. वाद पेटला, पॅरामाउंट स्टुडिओने काम बंद केलं, जुने मित्र एकमेकांपासून तुटले. चार-पाच वर्षांनी तेच लेखन निकल्सनने हातात घेतलं. मुख्य भूमिका आणि दिग्दर्शन एकाच्याच अंगावर, आणि लेखनाची अडलेली जागा ज्याच्याकडे बोट दाखवून सोडवून घ्यायची त्या लेखकाशी नातं विस्कटलेलं. पहिल्या वेळी पोलान्स्की आणि टाउन पटकथेवरून कडाकडा भांडले होते. त्या भांडणातून शेवट मिळाला. दुसऱ्या वेळी भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं, असं मला कार्डांवरून वाटतं. सैल सीन तसेच राहिले, कारण “हा काढ” म्हणणारा माणूस खोलीत नव्हता.

आणखी एक उणीव, खलनायकाची. जॉन ह्यूस्टनचा नोआ क्रॉस पहिल्या भागात मोजक्या सीनमध्ये येतो. जेवणाच्या ताटात डोक्यासकट मासा, गिटिसचं आडनाव मुद्दाम चुकीचं उच्चारणं, आणि इतकी गोड, म्हातारी, आजोबांसारखी बोलण्याची तऱ्हा. दुसऱ्या भागातला तेलवाला रिचर्ड फार्न्सवर्थने छान केला आहे, पण त्याची भीती वाटत नाही. बर्मन तर आपला होऊन बसतो: तो मरणाच्या वाटेवर आहे, बायकोवर त्याचं प्रेम आहे, तिची ओळख उघडी पडू नये म्हणून त्याने खून केला आहे. मग वाईट कोण? जे काही वाईट झालं ते अकरा वर्षांपूर्वी झालं. तेलाने पोळलेला माणूसही कुठे दिसत नाही. खालून गॅस झिरपणाऱ्या त्या नव्या घरांत राहायला येणारं एखादं कुटुंब, युद्धावरून परतलेला एखादा नवरा, त्याने उचललेलं कर्ज: मेंढरं घेऊन सुनावणीत घुसणाऱ्या शेतकऱ्याची जागा घेईल असं एकही माणूस माझ्या कार्डांवर नाव म्हणून उतरलं नाही.

हे सगळं आमच्या स्वतःच्या ड्राफ्टवर ठेवून बघितलं. आमच्या पहिल्या सीझनच्या शेवटी एक मुलगा बेपत्ताच राहतो. दुसऱ्या सीझनच्या आराखड्यात आम्ही इन्स्पेक्टरला एका गृहनिर्माण संस्थेच्या घोटाळ्यात गुंतवलं होतं आणि मुलाची आई फ्लॅशबॅकमध्ये अधूनमधून येत होती. पिवळी एका बाजूला, निळी दुसऱ्या बाजूला, तंतोतंत. आता ती आईच तक्रारदार आहे. घोटाळ्याची कागदपत्रं ती घेऊन येते, पहिल्याच एपिसोडला, आणि इन्स्पेक्टरला तिच्या दारात उभं राहूनच प्रश्न विचारावे लागतात. फ्लॅशबॅक सगळे काढले. निर्मिती संस्थेला धास्ती आहे की नवा प्रेक्षक बिथरेल. म्हणून पहिला सीझन न बघितलेल्या काही जणांना ड्राफ्ट वाचायला देतो आहोत. माझ्या सहलेखकाने त्या दिवशी विचारलेला प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला तर तो सीन पुन्हा लिहायचा.

‘द टू जेक्स’ला मात्र मी अजून सोडलेलं नाही, कारण त्यात एक कार्ड असं निघालं जे पहिल्या भागाच्या कार्डांशेजारी ठेवता येतं. बरंच उशिरा येतं ते. सुनावणीत रेकॉर्डिंग वाजवायचं आहे. त्यात कॅथरीनचं नाव आहे. गिटिस त्याआधी वायरमधून तिचा उल्लेख काढून टाकतो आणि उरलेलं न्यायालयाला ऐकवतो. जन्मभर दुसऱ्यांची गुपितं फोटोत पकडून विकलेला माणूस इथे एक नाव पुराव्यातून कापतो. सत्य शोधून काढल्यामुळे इव्हलिन मेली. सत्य कापून टाकल्यामुळे तिची पोर वाचेल. यात तपास आहे, आठवण आहे, हाताचं काम आहे आणि किंमतही आहे, कारण त्यामुळे एक खुनी सुटतो. माझ्याकडच्या दुसऱ्या भागाच्या कार्डांत दोन्ही रंगांची खूण मनापासून करावी असं हे एकच.

या एका कार्डापासून मी नवा वन-लाइनर लिहून बघितला, निव्वळ सरावासाठी. वायर कापण्याचा सीन उचलून पहिल्या अर्ध्या तासात आणला. नाव ऐकल्याबरोबर, पुढचा काहीही विचार न करता, गिटिस ते कापतो. म्हणजे गुन्हा त्याच्याही हातून घडतो. आता वायर मागणारा प्रत्येक जण त्याला धोका आहे, आणि कापलेला तुकडा त्याच्या तिजोरीत आहे. तेल कोण चोरतंय हे त्याला शोधावंच लागतं, कारण ते शोधल्याशिवाय तो तुकडा कोणाला आणि कशासाठी हवा आहे ते कळणार नाही. आणि त्या अकरा वर्षांबद्दल त्याला कॅथरीनलाच विचारावं लागतं, कारण तिच्याशिवाय सांगणारं कोणी जिवंत नाही. विधवेचं काम त्यात आपोआप घट्ट झालं, तेलवाल्याला धार आली, भूकंप गेले. गॅस भरलेल्या घरात बर्मन सिगारेट पेटवतो तो सीन मी आहे तिथेच ठेवला. त्याला हात लावायची गरज पडली नाही.